वर्गातले फलक करायला ऑनलाइन शिकता येतं का? कोर्स, भिंत आणि खळ

कोरा_फळा
नमस्कार मंडळी. शाळा परभणी जिल्ह्यातली, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, खोल्या दोन. १५ जूनच्या आत वर्गातले फलक, तक्ते, शब्दभिंत (शिकायचे शब्द लावायची भिंत) असं सगळं नव्यानं मांडायचं आहे. त्याआधी 'वर्गातली मांडणी' यावरचं एखादं ऑनलाइन प्रशिक्षण करावं असा विचार आहे. समोर तीन प्रकार दिसतात. दीक्षा या सरकारी शिक्षण पोर्टलवरचे मराठी कोर्स, यूट्यूबवरचे 'दहा मिनिटांत सुंदर वर्ग' छापाचे व्हिडिओ, आणि इंग्लंड-अमेरिकेतले पैसे भरून करायचे कोर्स. तिसऱ्या प्रकारातले नमुने देखणे आहेत, पण त्यातलं सामान इथं मोंढ्यात मागितलं तर दुकानदार तोंडाकडं बघत बसेल.
माझा प्रश्न साधा आहे. हे काम पडद्यावर बघून येतं का? येत असेल तर कोर्समध्ये नेमकं काय आहे ते बघून तो घ्यावा? आणि आपल्या भिंतींना, आपल्या उन्हाला ते लागू कसं करायचं? माझं मत असं की चांगला फलक शिकवताना हाताशी येतो, वाईट फलक फक्त फोटोत येतो. पटत नसेल तर हाणा.

सुतळीबॉम्ब
फलक तीन वेळा बदलतात गुरुजी. जूनला, २६ जानेवारीला आणि साहेब यायच्या आदल्या रात्री.

गोदाकाठ
कोरा_फळा, येतं, पण अर्धं. रचना, रंग, अक्षराचा आकार, कुठला मजकूर लावायचा, कुठला काढायचा हे पडद्यावरून नीट शिकता येतं. टिकवणं शिकता येत नाही, कारण कोर्स बनवणाऱ्याची भिंत वेगळी असते.
परदेशी कोर्स तीन गोष्टी गृहीत धरतात. एक, भिंतीवर आधीच मऊ बोर्ड आहे, त्यामुळे स्टेपल गननं कागद ठोकला की झालं. आपल्या सिमेंटच्या गिलाव्यावर ती पिन वाकून खाली पडते. दोन, भिंतीला गुळगुळीत रंग आहे म्हणून चिकटपुट्टी आणि दुहेरी टेप धरतात. आपल्याकडं चुन्याचा हात किंवा साधा डिस्टेंपर. टेप भिंतीला नाही, वरच्या भुकटीला चिकटते आणि भुकटी घेऊनच खाली येते. वर पत्रा असेल तर एप्रिलमध्ये टेपचा गोंद पातळ होतो, तक्ता रोज बोटभर खाली घसरतो आणि भिंतीवर काळा चिकट पट्टा राहतो, त्यावर धूळ बसते. तीन, मुलं खुर्चीवर बसतात. हा तिसरा मुद्दा सगळ्यात महाग पडतो, कारण त्यांनी दिलेली सगळी उंचीची मापं त्यावरून काढलेली असतात.
म्हणून कोर्स बघताना वहीत दोन रकाने करा. एकात 'का केलं', दुसऱ्यात 'कशानं केलं'. पहिला रकाना ठेवा, दुसरा फाडून टाका.

बालाघाटी
गोदाकाठ बरोबर बोलले. आपल्याकडं पहिली-दुसरीची लेकरं सतरंजीवर बसतात. सहा वर्षांचं लेकरू उभं राहिलं तर डोळा साधारण १०० सेंमीवर. मांडी घालून बसलं की जमिनीपासून जेमतेम ५० सेंमी. आणि आपण बाराखडी कुठं लावतो? फळ्याच्या वर, सात फुटांवर. ती बाराखडी लेकरांसाठी नाही, पंख्यासाठी आहे.
पण उगं सगळं खाली आणायचं असंही नाही. बसल्या जागेवरून वाचायचं आहे ते ९० सेंमीच्या वरच पाहिजे, नाहीतर पुढच्याच्या डोक्याआड जातं. उठून, जवळ जाऊन, हात लावून करायचं आहे ते ५० ते ११० च्या पट्ट्यात. चिठ्ठ्या, खिसे, संख्यारेषा, हजेरीची नावं, सगळं तिथं. दीड मीटरच्या वर वेळापत्रक, आपत्कालीन नंबर आणि मोठ्या माणसांनी वाचायचे कागद.

रेघ_आणि_वेलांटी
अक्षराबद्दल मी सांगते, कारण कोर्समध्ये हे माप रोमन अक्षरांचं असतं आणि देवनागरीला जसंच्या तसं लावलं की फसतं.
पाटी रंगवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. दहा फुटांवरून आरामात वाचायला अक्षर एक इंच. म्हणजे तीन मीटरला अडीच सेंमी. तुमची खोली सहा मीटर लांब असेल तर मागच्या रांगेसाठी पाच सेंमी. हे पाच सेंमी शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायचे. वेलांटी, मात्रा, रफार वर जातात. उकार आणि ऋकार खाली जातात. त्यामुळे एका ओळीला प्रत्यक्षात १२ सेंमी जागा लागते. यापेक्षा कमी दिलीत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, आणि शिकाऊ मूल नेमकं तिथंच चुकतं.
आता हिशोब करा. कार्डशीट २२ बाय २८ इंच, म्हणजे साधारण ५६ बाय ७१ सेंमी. उभी धरली, कडेनं समास सोडला, की पाच ओळी बसतात. एका ओळीत दहाएक अक्षरं. बस. एवढाच मजकूर एका तक्त्यावर मावतो. पूर्ण कविता एका कार्डशीटवर लिहिली असेल तर ती सजावट आहे, वाचन नाही.
जाडीही बघा. पाच सेंमी अक्षराला रेघ साधारण सहा मिमी पाहिजे, उंचीच्या आठव्या भागाएवढी. साध्या मार्करची रेघ दोन-तीन मिमी पडते. लांबून ती केसासारखी दिसते. तिरक्या टोकाचा जाड मार्कर घ्या किंवा सपाट ब्रश आणि पोस्टर कलर. पिवळ्यावर काळं, पांढऱ्यावर गडद निळं उत्तम. पांढऱ्यावर पिवळं किंवा केशरी लिहायचंच नाही. लाल आणि हिरवं शेजारी ठेवून फरक दाखवू नका, काही मुलांना तो दिसत नाही.
अजून एक. संगणकावरून छापणार असाल तर फाँट तपासा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीवाला ल आणि देठवाला श प्रमाण ठरवला आहे. फुकटात मिळणाऱ्या बऱ्याच फाँटमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श येतात. पुस्तकात एक, भिंतीवर दुसरं. मोठ्यांना कळतही नाही, पहिलीतलं मूल थांबतं.

सुतळीबॉम्ब
ताई, आमच्या इथल्या पेंटरनं 'विद्या विनयेन शोभते' मधला 'शो' असा काढलाय की साहेबांनी 'रवो' वाचला.

निवांत_वाचक
सगळेच 'कसं लावायचं' सांगताहेत. मुळात लावायचं का? कार्नेगी मेलन विद्यापीठातला २०१४ सालचा प्रयोग आहे. बालवर्गातल्या मुलांना एकदा भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि एकदा मोकळ्या खोलीत शिकवलं. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ दुसरीकडं होतं, मोकळ्या खोलीत २८.४ टक्के. चाचणीत बरोबर उत्तरं सजवलेल्या खोलीत ४२ टक्के, मोकळ्या खोलीत ५५. मग हा 'बोलक्या भिंतीं'चा, म्हणजे भिंतभर चित्रं आणि मजकूर लावायचा, आटापिटा कशासाठी? पुसून पांढरं करा.

गोदाकाठ
निवांत_वाचक, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष जास्तीचा आहे. त्या प्रयोगात मुलं २४ होती. सहा छोटे पाठ, तेही विज्ञानाचे. आणि भिंतीवर जे होतं त्याचा त्या पाठाशी संबंध नव्हता. त्यावरून एवढंच निघतं की संबंध नसलेलं चित्र लहान मुलाचं लक्ष खातं. चालू पाठाचा तक्ता अडथळा आहे की मदत, हे त्या प्रयोगानं तपासलंच नव्हतं.
दुसरा अभ्यास इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाचा, २०१५ चा. २७ शाळा, १५३ वर्ग, ३७६६ मुलं. प्रकाश, हवा, तापमान, रंग, मांडणी असं सगळं मिळून वर्गखोलीचा परिणाम मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीतल्या फरकाच्या १६ टक्के इतका निघाला. भिंतींबद्दल त्यांचा सल्ला असा की २० ते ५० टक्के जागा मोकळी ठेवा. कोरं पांढरंही नको, बाजारही नको.
व्यवहारात असं करा. फळ्याची भिंत जवळजवळ रिकामी ठेवा, फळ्याच्या दोन्ही बाजूंना हातभर काहीही नको. मजकूर बाजूच्या भिंतींवर. मागच्या भिंतीवर मुलांची कामं. शिकवताना लेकरांच्या डोळ्यांसमोर फळा आणि तुम्ही, एवढंच राहिलं पाहिजे.

निवांत_वाचक
हे मान्य. 'फळ्याची भिंत रिकामी' एवढं जरी सगळ्यांनी केलं तरी माझं म्हणणं अर्धं पोचलं.

खिळामोळा
आता जरा हातोडीकडं या. भिंतीला कागद चिकटवायचाच नाही. भिंतीला तार लावायची आणि कागद तारेला.
सामान: १४ गेजची जीआय तार, आय हुक, एका टोकाला तार ताणायचा टर्नबकल, ६ नंबरचे रावळ प्लग (भोकात बसवून स्क्रू घट्ट धरणाऱ्या नळ्या). बांधकामाची बायंडिंग तार घेऊ नका. ती मऊ असते, आठवड्यात झोळ पडतो. ड्रिलचा ६ मिमी बिट, भोक ४० मिमी खोल. नुसत्या गिलाव्यात हुक बसवला तर कागदाच्या वजनानं नाही, लेकरू लोंबकळलं की निघतो. विटेपर्यंत गेलं पाहिजे. चार मीटरपेक्षा लांब तार असेल तर मध्ये एक आधार द्या. दोन तारा लावा, एक ११० सेंमीवर, एक १७० वर. खालच्या तारेची टोकं आत वळवून त्यावर टेप गुंडाळा, डोळ्याच्या उंचीला येतात ती.
जुन्या इमारतीत दगड-मातीची भिंत असेल तर रावळ प्लग धरत नाही. तिथं सागाची किंवा बाभळीची गुट्टी सिमेंटमध्ये बसवा, दोन दिवस सुकू द्या, मग तिच्यात स्क्रू. खिळा ठोकत बसू नका, दगडाशेजारची माती सुटते.
प्लास्टिकचे कपड्याचे चिमटे स्वस्त पडतात, पण एका उन्हाळ्यात ठिसूळ होऊन कटकन मोडतात. लाकडी चिमटे किंवा काळ्या पोलादी क्लिपा घ्या. तक्ता वळू नये म्हणून वर-खाली बांबूची कामटी लावा. तुराटी हलकी आणि फुकट मिळते, पण तिला भुंगा लागतो आणि खाली पीठ पडत राहतं.

बालाघाटी
खिळामोळा दादा, बोर्डाचं पण सांगा. तयार सॉफ्टबोर्ड परवडंना.

खिळामोळा
खोक्याचा करा. फ्रिज-कूलरच्या दुकानातनं पाच पदरी खोकी आणा. तीन थर एकावर एक. पण पहिल्या थराच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, तिसऱ्याच्या परत उभ्या. सगळ्या एकाच दिशेला ठेवल्या तर बोर्ड पुस्तकासारखा मिटतो. तीन थरांची जाडी दीड सेंमीच्या आसपास येते, पिन पूर्ण बसते. खळ दोन्ही अंगांना पातळ लावा, सपाट फरशीवर ठेवून वर फळ्या आणि विटा, दोन दिवस हलवू नका.
यात हमखास चुकणारी गोष्ट. पुढून कापड लावतात आणि मागची बाजू उघडी सोडतात. पुढचं कापड सुकताना ओढतं आणि बोर्ड ढालीसारखा फुगतो. मागून पण जुनी वर्तमानपत्रं दोन थर चिकटवा, म्हणजे ओढ सारखी होते.
कापड मांजरपाट घ्या, फिकट रंगाचं. तरट दिसायला छान, पण धूळ धरतं आणि त्यावर बारीक चिठ्ठी दिसत नाही. भिंतीला टेकवून लावू नका. मागं एक सेंमीच्या चार पट्ट्या ठोकून भिंतीपासून सुटा ठेवा. पावसाळ्यात ओल आली तरी बोर्डाला लागत नाही, आणि वाळवी चढलीच तर मातीची रेघ दिसते.

बेलफुल
खळीचं प्रमाण: एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी. आधी एक वाटी गार पाण्यात मैदा गुठळ्या मोडून कालवायचा, बाकीचं पाणी उकळत ठेवून त्यात तो बारीक धारेनं सोडायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरी खळ अर्धवट पारदर्शक दिसायला लागली आणि पळीवरून सलग धार पडली की उतरवा. वर साय धरते ती काढून टाका, नाहीतर कागदाखाली गाठी येतात. कीड लागू नये म्हणून पुस्तकबांधणीवाले चिमूटभर मोरचूद टाकतात.

रेघ_आणि_वेलांटी
बेलफुल, मोरचूद विषारी आहे हो. बांधणीच्या कारखान्यात ठीक. पहिलीच्या वर्गात लेकरं बोटं चाटतात, कोपरे सोलतात. वर्गासाठी नको. लागेल तेवढीच खळ शिजवा, दुसऱ्या दिवशीची फेकून द्या. कडुनिंबाचा पाला उकळलेलं पाणी वापरलं तर कीड बरीच कमी राहते. तुरटीही टाळा. तिनं कागद आम्लधर्मी होतो, पिवळा पडून तुकडे पडतात.

बेलफुल
पटलं. मोरचूद रद्द.

डिजिटल_गुरुजी
एवढा खटाटोप कशाला? एकदाच फ्लेक्स छापून घ्या, पाच वर्षं बघायला नको. रंग पक्का, पाण्याचं भय नाही, तालुक्याला एका दिवसात मिळतो.

गोदाकाठ
'पाच वर्षं बघायला नको' हाच तर रोग आहे. बदलता येत नाही असा फलक पंधरा दिवसांनी भिंतीचा भाग होतो, मुलांचे डोळे त्यावर थांबत नाहीत. शिवाय फ्लेक्स आणि लॅमिनेशन दोन्ही चकाकतात. समोरच्या भिंतीत खिडकी असेल तर सकाळी अर्ध्या वर्गाला नुसता उजेडाचा पट्टा दिसतो. लावायच्या आधी मुलांच्या जागेवर बसून बघा. कायम राहणारा मजकूर, म्हणजे संख्यारेषा, नकाशा, वेळापत्रक, एवढ्यापुरता फ्लेक्स चालेल. तोही मॅट घ्या.

बालाघाटी
थर्माकोलची अक्षरं कापणाऱ्यांनो, २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. अजून शाळेत 'सुस्वागतम' त्याच्यातच लिहायलेत.

खिळामोळा
भिंत रंगवून घेणार असाल तर त्याचंही ऐका. 'माझी शाळा सुंदर शाळा'च्या घाईत बऱ्याच ठिकाणी ओल्या भिंतीवर ऑइल पेंट मारला. ऑइल पेंट हवा कोंडतो. आतली ओल बाहेर पडताना लोणा (भिंतीतला खार) घेऊन येते आणि पापुद्रे सुटतात. 'अ अननसाचा' मधलं अननस गळून पडतं, अ राहतो. आधी गळती बंद करा, एक उन्हाळा सुकू द्या. मग खरवडा, १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा, पुट्टीचे दोन हात, प्रायमर, मग रंग. आपल्या काळ्या मातीत पाया दर पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, त्यामुळे दारा-खिडकीच्या कोपऱ्यातनं तिरपी चीर येणारच. महत्त्वाचं चित्र त्या जागी काढू नका.

निवांत_वाचक
फोटो बघून शिकण्याचा विषय निघालाच आहे तर कुमठे बीट आठवतं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधला (बीट म्हणजे शाळांचा एक गट) ज्ञानरचनावादाचा, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकण्याचा प्रयोग, आणि जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा राज्याचा कार्यक्रम आल्यावर राज्यभर त्याचे फोटो फिरले. मग जिकडं तिकडं फरश्यांवर गोल, चौकोन, सापशिडी. तिथं मुलं गटात बसून त्या आखणीवर काम करायची. पद्धत फोटोत आली नाही, रंग तेवढा आला. शहाबादी फरशीवर न घासता मारलेला ऑइल पेंट वर्षात झाडूनंच गेला. आता फरशीवर निम्मी सापशिडी आहे. शिड्या गेल्या, साप राहिले.

सुतळीबॉम्ब
संख्यारेषेवर २३ खाली काय लिहायचं? तेवीस का वीस तीन? २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस तीन आलं तेव्हा आमच्या पारावर लोकसभेपेक्षा जास्त चर्चा झाली होती.

बेलफुल
संख्यारेषेवर अंकच लिहा, शब्द कशाला? नाव तोंडी घ्या. आणि रेषा लांबीनं खरी पाहिजे. प्रत्येक अंकाला ५ सेंमी दिले तर ० ते १०० ला बरोबर पाच मीटर लागतात, बाजूच्या भिंतीत बसते. मध्येच जागा संपली म्हणून शेवटचे वीस अंक दाटीवाटीनं लिहू नका, मग ती रेषा राहत नाही, नुसती यादी होते. दहाचे टप्पे वेगळ्या रंगात. उंची ८० सेंमी, बोटानं उड्या मारता आल्या पाहिजेत. वर साधी प्लास्टिकची पट्टी लावा, बोटांच्या घामानं आणि मळानं अंक पुसतात.

माळावरची_शाळा
मजकुराचं कुणी बोलेना म्हणून लिहिते. भिंतीवर काय लावायचं हे वर्गात कोण बसलंय यावर ठरतं. तांड्यावरच्या शाळेत पहिलीतलं मूल गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलत येतं. शब्दभिंतीवर 'आई' शेजारी 'याडी', 'भाकरी' शेजारी 'बाटी' असं देवनागरीतच लिहून ठेवा. शब्द मुलांकडूनच घ्या, आपण अंदाजानं लिहू नका, कारण तांड्यागणिक थोडा फरक पडतो. एका वेळी आठ-दहा जोड्या पुरे.
दुसरं, ऊसतोडीचं. दिवाळीनंतर बीड, धाराशिव, जालना भागातली कितीतरी मुलं आईबापाबरोबर कारखान्यावर जातात ती मार्च-एप्रिलला परत येतात. त्यांच्यासाठी भिंतीवर 'आपण कुठवर आलो' असा पट्टा ठेवा. दर आठवड्याला एक पोस्टकार्डाएवढा कागद. त्या आठवड्याचे पाच शब्द, एक गणित, एखाद्या मुलाचं चित्र. तारेवर ओळीनं अडकवत जायचं, जुने काढायचे नाहीत. परत आलेलं मूल त्या ओळीवरून चालत गेलं की सुटलेलं काय ते त्यालाही दिसतं आणि बाईंनाही. जे गेले त्यांची नावं हजेरीच्या खिशातून काढू नका.

बालाघाटी
ताई, हा पट्टा कोणत्याच कोर्समध्ये सापडायचा नाही. सेव्ह करून ठेवला.

डिजिटल_गुरुजी
फ्लेक्सवाल्याला ऐकून घ्यावं लागलं, ठीक आहे. पण ऑनलाइन भागाबद्दल मला बोलू द्या, मूळ प्रश्न तोच होता.
दीक्षावरचे निष्ठाचे (केंद्र सरकारच्या शिक्षक प्रशिक्षणाचे) कोर्स मराठीत आहेत, फुकट आहेत. लहान मुलांच्या वाचन-गणिताचं निपुण भारत अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाल्यावर पायाभूत साक्षरतेचे जे कोर्स आले त्यात वाचायला मजकूर मुबलक असलेला वर्ग कसा असावा यावर भाग आहेत. 'का' साठी ते पुरेसे आहेत. पण मूल्यमापन बहुपर्यायी प्रश्नांचं असतं. शेवटच्या चाचणीत ७० टक्के मिळाले की प्रमाणपत्र. भिंत कुणी बघत नाही. त्यामुळे ७० टक्के मिळवून भिंत होती तशीच ठेवणं सहज शक्य आहे.
पैसे भरायचे असतील तर तीन गोष्टी विचारा. आपल्या वर्गाचे फोटो पाठवून त्यावर कुणी शेरा देतं का? शेऱ्यानंतर बदल करून परत पाठवायला सांगतात का? आणि नमुन्याचे फोटो पहिल्या दिवसाचेच आहेत की दोन महिन्यांनंतरचेही? तिसऱ्याचं उत्तर नाही आलं तर पैसे वाचवा.
नाहीतर आपल्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) चार-पाच जणांचा गट करा, तेच सगळ्यात स्वस्त. फोटो व्हॉट्सॲपला डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की दाबला जातो आणि अक्षरं वाचता येत नाहीत. प्रत्येक भिंतीचे दोन फोटो: एक उभं राहून, एक फोन सतरंजीवर मुलाच्या डोळ्याच्या उंचीला धरून. दुसऱ्या फोटोत निम्म्या तक्त्यांचं काम संपतं. मग तोच फोटो काळा-पांढरा करून बघा. रंगावर तगलेला मजकूर तिथं गायब होतो. वाचता येत नसेल तर उठाव कमी आहे.
शेरा देताना 'मस्त', अंगठा, फुलं बंद. एकच प्रश्न विचारायचा: या आठवड्यात याला कुणी, कशासाठी हात लावला?

रेघ_आणि_वेलांटी
डिजिटल_गुरुजी, यावेळी शंभर टक्के सहमत. एक भर घालते. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन पडतं तिथला फोटो जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये घ्या. स्केचपेनचा गुलाबी आणि लाल सगळ्यात आधी उडतो, घोटीव कागदही फिका पडतो. काळी शाई आणि पोस्टर कलर टिकतात.

कोरा_फळा
भरपूर मिळालं, आभार. ठरवलंय असं. दीक्षाचा कोर्स 'का' साठी, बाकी पैसे तारेला आणि मांजरपाटाला. केंद्रातले चौघं गटाला तयार आहेत. दोन शंका उरल्या. शेजारच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या मॅडम विचारताहेत, हीच मापं त्यांना चालतील का? आणि एका खोलीत दोन इयत्ता असताना भिंती वाटायच्या कशा?

रेघ_आणि_वेलांटी
उर्दूला उंची जास्त द्या. उर्दूच्या नस्तालीक वळणाची ओळ तिरपी उतरते, त्यामुळे एका ओळीला देवनागरीपेक्षाही जास्त उभी जागा लागते. एका कार्डशीटवर चार ओळींच्या वर जाऊ नका. नुक्ते (अक्षरांचे ठिपके) ठळक काढा, लांबून आधी तेच हरवतात. आणि क्रम उजवीकडून. संख्यारेषा मात्र डावीकडून उजवीकडंच राहू द्या, त्यांच्या गणिताच्या पुस्तकात कशी आहे ते एकदा बघून घ्या.

माळावरची_शाळा
दोन इयत्ता असतील तर भिंती वाटू नका, उंची वाटा. खालची तार लहान इयत्तेची, वरची मोठीची. भिंत वाटली की अर्ध्या मुलांची पाठ स्वतःच्या तक्त्याकडं येते. रंगाची खूण ठेवा, पहिलीच्या सगळ्या कागदांना निळी कड, दुसरीच्या हिरवी. कड हातानं ओढलेली पुरते, बाजारातली झालर नको.

खिळामोळा
आणि वरच्या तारेला लेकरांचा हात पोचत नाही म्हणून खाली स्टूल ठेवू नका कुणी. शाळेतली स्टुलं तीनच पायांवर उभी असतात. वरचे कागद एका लांब कामटीला आकडा लावून काढता-घालता येतात. आकड्याला सायकलच्या चाकाची तार पुरते.